हिवाळ्याचा बेभरवशाचा आठवडा आणि मॅरेथॉनचा सराव: दिवस फिरवायचे कसे, गाळायचं काय

मॅरेथॉनच्या सरावाचा तक्ता साधारण असा असतो: मंगळवारी इंटरव्हल (वेगाने धावायचे छोटे तुकडे, मध्ये हलकं धावणं), गुरुवारी टेम्पो (बराच वेळ टिकवता येईल अशा जोरकस वेगाने सलग धावणं), रविवारी लाँग रन (आठवड्यातलं सगळ्यात लांब, संथ धावणं). मग हिवाळ्यातला एखादा आठवडा असा उगवतो की सोमवारी लख्ख ऊन, मंगळवारी पडताक्षणी गोठणारा पाऊस, बुधवारी रस्त्यावर बर्फाचा थर आणि शुक्रवारी सुसाट वारा. अशा आठवड्यात बहुतेक धावपटू दोनपैकी एक चूक करतात. काही जण तक्त्यात लिहिलंय म्हणून निसरड्या रस्त्यावर इंटरव्हल मारतात. काही जण तीन दिवस घरात बसून राहतात आणि बुडालेले सगळे सराव शुक्रवार ते रविवारमध्ये कोंबतात. पहिल्या चुकीत घोटा मुरगळतो, दुसरीत पोटरी किंवा मांडीचा मागचा स्नायू धरतो. दोन्हीकडे पुढचे दोन-तीन आठवडे हातचे जातात.

या लेखातलं सगळं एका नियमावर उभं आहे. वार बदलला तरी चालतो, पण कठीण सरावांमधलं अंतर मोडलेलं चालत नाही. हे एकदा मनावर घेतलंत की हवामान कसंही असो, आठवडा बसवता येतो.

आठवड्यातून चार ते सहा दिवस धावणाऱ्या आणि शर्यतीला किमान चार आठवडे शिल्लक असलेल्यांसाठी हे लिहिलं आहे. शेवटच्या तीन आठवड्यांचे नियम वेगळे आहेत. तेही शेवटी सांगेन. दमा, हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असेल तर थंडीत कठीण सराव करण्याआधी डॉक्टरांशी बोला. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो आणि कोरड्या गार हवेने श्वासनलिका आवळल्या जातात. त्यामुळे हा सल्ला मनावर घ्याच.

## टप्पा १: आठवडा सुरू होण्याआधी सरावांची उतरंड लावा

रविवारी संध्याकाळी कागद घ्या आणि येत्या आठवड्यातले सराव वारांशिवाय लिहा. फक्त सराव, महत्त्वाच्या क्रमाने:

१. लाँग रन. मॅरेथॉनच्या सरावात याला पर्याय नाही. ४२.१९५ किलोमीटरसाठी पाय, सांधे आणि पोट यांना सवय होते ती इथेच.

२. मॅरेथॉनच्या पेसच्या (पेस म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ) जवळ जाणारा कठीण सराव, म्हणजे बहुधा टेम्पो.

३. इंटरव्हल.

४. इझी रन, म्हणजे गप्पा मारता येतील इतकं आरामात धावणं.

आठवडा आकसला तर गाळायची सुरुवात खालून होते. नेमकं इथेच चुकतं. इझी रन सोपे असतात, वाईट हवेतही उरकतात, म्हणून लोक ते सगळे करतात आणि लाँग रन सोडून देतात. आठवड्याचे किलोमीटर भरतात, पण ज्यासाठी आठवडा होता ते राहून जातं.

आता प्रत्येक सरावापुढे त्याची तीन रूपं लिहा: बाहेरचं पूर्ण रूप, बाहेरचं बदललेलं रूप आणि घरातलं रूप. उदाहरणार्थ, टेम्पो. पूर्ण रूप म्हणजे ठरलेल्या पेसने ८ किलोमीटर. बदललेलं रूप म्हणजे वाऱ्यात किंवा भुसभुशीत बर्फात तेवढाच वेळ, पण पेसकडे न बघता श्वासाच्या जोरावर. घरातलं रूप म्हणजे ट्रेडमिलवर १० मिनिटांचे तीन तुकडे आणि मध्ये दोन-दोन मिनिटं हलकं धावणं. हे आधी लिहिलेलं असलं की सकाळी साडेपाचला खिडकीतून बाहेर बघत डोकं खाजवावं लागत नाही.

तपासा: दोन कठीण सरावांमध्ये किमान ४८ तास आहेत ना? लाँग रनही कठीण सरावातच मोजा. मागच्या रविवारचा लाँग रनही या हिशोबात धरायचा असतो, आणि बहुतेक जण तो विसरतात.

## टप्पा २: हवामानाचा अंदाज धावपटूच्या नजरेने वाचा

सात दिवसांचा अंदाज नुसता बघून घ्यायचा. विश्वास ठेवायचा तो पुढच्या दोन-तीन दिवसांवर. त्यामुळे रविवारी संध्याकाळी आठवड्याचा ढोबळ आराखडा करा आणि बुधवारी संध्याकाळी लाँग रनचा दिवस पुन्हा तपासा.

दिवसाचं कमाल-किमान तापमान पाहून काही ठरत नाही. तासागणिक अंदाज उघडा आणि चार गोष्टी बघा: धावण्याच्या तासाचं तापमान, वाऱ्याचा वेग आणि दिशा, पाऊस किंवा बर्फ सुरू होण्याची वेळ, आणि रात्रीचं किमान तापमान. चौथ्या गोष्टीकडे सहसा कोणी बघत नाही, पण सगळ्यात जास्त लोक तिच्यामुळेच पडतात. आदल्या दिवशी रस्ता ओला होता किंवा बर्फ वितळला होता, आणि रात्री पारा शून्याच्या खाली उतरला, तर सकाळी निरभ्र आकाशाखालीही रस्त्यावर पारदर्शक बर्फ असणार.

वाऱ्याचा हिशोबही नीट समजून घ्या. हवा उणे ५ अंश सेल्सिअस असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे १३ अंशांसारखी लागते. तुम्ही त्या वाऱ्याच्या विरुद्ध ताशी १० किलोमीटरने धावत असाल तर तुमच्या चेहऱ्यासाठी वारा ताशी ४० झाला. वाऱ्यासह जाणवणारं तापमान उणे २८ च्या आसपास गेलं की उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते.

नुसती थंडी हे सराव रद्द करायचं कारण क्वचितच असतं. उणे ८ अंशांची कोरडी, शांत सकाळ धावायला उत्तम असते. माझ्या मते सगळ्यात फसवी हवा २ ते ५ अंशांची, पाऊस आणि वारा असलेली. आकडा शून्याच्या वर दिसतो म्हणून माणूस निर्धास्त निघतो, तासाभरात अंगावरचं सगळं भिजतं आणि शरीराची उष्णता झपाट्याने जायला लागते.

बाहेर जायचंच नाही अशा वेळा: गोठणारा पाऊस, रस्त्यावर सलग पारदर्शक बर्फ, विजांचा कडकडाट (शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा), समोरचं वाहन दिसणार नाही इतकं धुकं किंवा हिमवर्षाव, जाणवणारं तापमान उणे २८ च्या खाली, आणि हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक वाईट पातळीवर. हिवाळ्यात जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार थराखाली अडकते आणि धूर तिथेच साठून राहतो, म्हणून शांत, धुरकट सकाळी निर्देशांक बघितल्याशिवाय निघू नका. यातली एक जरी गोष्ट असेल तर घरातलं रूप काढा. त्यावर घोळ घालत बसू नका.

## टप्पा ३: आदल्या रात्रीची तयारी

### कपडे

नियम सोपा आहे: बाहेर जे तापमान आहे त्याहून १० अंश जास्त आहे असं धरून कपडे घाला. दारातून बाहेर पडताना थोडी हुडहुडी भरली पाहिजे. पहिल्या मिनिटालाच उबदार वाटत असेल तर एक कपडा जास्त झाला आहे.

जास्त कपड्यांचा त्रास लगेच कळत नाही. तो पाऊण तासाने कळतो. घामाने आतला थर भिजतो, तुम्ही सिग्नलला थांबता किंवा लाँग रनच्या शेवटी दमून वेग कमी होतो, आणि मग तोच ओला थर अंगातली ऊब खेचायला लागतो.

थरांचा क्रम असा. अंगाला लागून घाम बाहेर टाकणारा पॉलिएस्टरचा किंवा मेरिनो लोकरीचा घट्ट बसणारा कपडा. त्यावर, शून्याच्या खाली पारा असेल तर, चेन (झिप) असलेला मधला थर. चेनमुळे धावता धावता हवा खेळती ठेवता येते. सर्वांत वर वारा अडवणारं पातळ जॅकेट, पण ते वारा किंवा पाऊस असेल तेव्हाच. सुती कपडा कुठल्याही थरात नको, मोजेसुद्धा सुती नकोत. सूत पाणी धरून ठेवतं.

पायांना एक थर बहुतेक वेळा पुरतो, कारण मांड्यांचे मोठे स्नायू स्वतःच उष्णता तयार करतात. बोटांचं तसं नाही. शरीर थंडीत रक्त आत ओढून घेतं आणि बोटं, कान, नाक यांना सगळ्यात आधी गारठा लागतो. उणे ५ च्या खाली पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटं एकत्र राहणारे मोजे जास्त ऊब देतात. लाँग रनला हातमोज्यांची दुसरी कोरडी जोडी खिशात ठेवा. एवढ्या छोट्या गोष्टीने वाचलेले लाँग रन मी पाहिले आहेत.

गैरसमज: चेहऱ्याला जाड मलम थापलं की हिमदंश होत नाही. होतो. मलमाने त्वचा फाटायची थांबेल, गोठायची नाही. जोराचा गार वारा असेल तर कापडाने झाका.

### बूट, मार्ग आणि बाकीचं

बूट उलटे करून तळ बघा. पुढच्या पंजाखालची नक्षी गुळगुळीत झाली असेल तर ती जोडी हिवाळ्यात फक्त ट्रेडमिलसाठी. भुसभुशीत किंवा दाबलेल्या बर्फासाठी खोल नक्षीचे ट्रेल बूट चांगले. घट्ट बर्फावर चालण्यासाठी बुटावर चढवायचे काटे मिळतात, पण ते डांबरावर पावलाचा तोल बिघडवतात, म्हणून रस्ता अर्धा उघडा आणि अर्धा बर्फाचा असेल तर ते घालून धावू नका.

मार्ग लांबलचक एकेरी नको. घराभोवती किंवा गाडीभोवती ३ ते ५ किलोमीटरची फेरी आखा. हवा फिरली, पाय भिजले, पोटात गोळा आला, तरी तुम्ही घरापासून जास्तीत जास्त अडीच किलोमीटरवर असाल. १५ किलोमीटर दूर जाऊन मग वादळात सापडणं हा टाळता येणारा धोका आहे.

पुलांचा मार्ग हिवाळ्यात वगळा. पुलाला खालूनही गार हवा लागते, म्हणून तिथला पृष्ठभाग रस्त्याच्या आधी गोठतो.

जेल (धावताना ताकदीसाठी घ्यायचं पाकिटातलं गोड, घट्टसर मिश्रण) घेत असाल तर ते आतल्या थराच्या खिशात ठेवा. थंडीत ते इतके घट्ट होतात की गार बोटांनी पाकीट पिळून निघत नाही. फोनही आतच, कारण थंडीत बॅटरी झटकन उतरते. अंधार असेल तर डोक्याचा दिवा आणि चमकणारी पट्टी हवीच. शेवटचं काम: ट्रेडमिल जिमचं असेल तर त्याची वेळ आत्ताच राखून ठेवा. सकाळी बर्फ दिसल्यावर तिथे सगळेच धाव घेतात.

## टप्पा ४: सकाळची पाच मिनिटं

१. तासागणिक अंदाज पुन्हा उघडा. रात्रीतून काय बदललं तेवढंच बघा.

२. धावायचे बूट घालून दाराबाहेर या. ज्या जमिनीवर धावणार आहात तिथे, कशाला तरी धरून, उजव्या पायाची टाच टेकवा आणि अंगाचं वजन हळूच पुढच्या पंजावर आणत पाऊल मागे ओढा. पंजा सटकला तर ती जमीन कठीण सरावाच्या लायकीची नाही. डांबर ओलं आणि काळंशार चमकतंय, पण शेजारच्या गाडीच्या काचेवर कडक दव गोठलं आहे, असं दिसलं तर ती चमक पाण्याची नसून बर्फाची असण्याचीच शक्यता जास्त.

३. तीन रूपांपैकी एक निवडा आणि तिथेच थांबा.

सावधान: "निघून तर बघू, मग ठरवू" हा पर्याय फक्त इझी रनसाठी ठेवा. इंटरव्हलसाठी निघालेला माणूस मधूनच परतत नाही, तो पुढचा एक, पुढचा एक करत राहतो.

## टप्पा ५: वॉर्म-अप घरातच

गार स्नायू ताठर असतात. बाहेर उभं राहून ताण देण्यात ऊबही जाते आणि फायदाही होत नाही. घरात आठ ते दहा मिनिटं जागच्या जागी जॉगिंग, गुडघे उचलणं, पाय पुढे-मागे झुलवणं, काही लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं) आणि चवड्यांवर उठणं एवढं करा. श्वास थोडा वाढला पाहिजे, पण घाम फुटता कामा नये. घाम फुटण्याआधी बाहेर पडा.

बाहेरची पहिली १५ मिनिटं इझीच. कठीण सराव असेल तर त्यानंतर चार-पाच छोटे स्ट्राइड (हळूहळू वेग वाढवत घेतलेल्या काही सेकंदांच्या धावा) आणि मग मुख्य भाग. दमा असलेल्यांनी हा भाग अजिबात आखडू नये, आणि तोंड-नाकावर पातळ कापड ठेवलं तर आत जाणारी हवा थोडी उबदार आणि ओलसर होते.

## टप्पा ६: धावताना, हवेप्रमाणे

बर्फावर. पेस विसरा. भुसभुशीत बर्फात तेवढ्याच मेहनतीत वेग कमी पडतो, पाऊल दर वेळी थोडं घसरतं आणि मांडीच्या आतल्या बाजूचे व नितंबाचे स्नायू नेहमीपेक्षा जास्त राबतात. म्हणून सराव किलोमीटरऐवजी मिनिटांत मोजा. दीड तासाचा सराव असेल तर दीड तासच, मग १३ किलोमीटर झाले की १६, याने फरक पडत नाही. पावलं छोटी आणि झपझप, पाऊल अंगाच्या बरोबर खाली, हात जरा बाहेर, नजर चार-पाच पावलं पुढे. वळणावर चालावं लागलं तर चाला. ताजा बर्फ तुडवलेल्या बर्फापेक्षा बरा, कारण तुडवलेला गोठून काचेसारखा होतो.

बर्फात पहिल्यांदाच लाँग रन करत असाल तर वेळेत २० टक्के कपात करा. दुसऱ्या दिवशी जांघेत जे दुखेल त्यावरून ही कपात का सांगितली ते कळेल.

वाऱ्यात. सुरुवात वाऱ्याच्या विरुद्ध, परत येणं वाऱ्याबरोबर. उलट केलंत तर घामाने भिजल्यावर आणि दमल्यावर समोरून वारा झेलावा लागतो. फेरीच्या मार्गावर ही सोय नीट बसत नाही, म्हणून जोराच्या वाऱ्याच्या दिवशी फेरीऐवजी जाऊन-येऊन मार्ग चालेल, पण तोही आखूड आणि आडोशाचा. टेम्पोत विरुद्ध वाऱ्याचे किलोमीटर संथ येणारच. घड्याळाशी झगडू नका.

थंडीतल्या पावसात. टोपीला पुढे झडप हवी, म्हणजे डोळ्यांत पाणी जात नाही. वरचं जॅकेट पाणी अडवणारं, घर्षणाच्या जागी मलम. एक तासाच्या वर सलग बाहेर राहू नका. लाँग रन असेल तर दर फेरीला घरी येऊन हातमोजे बदला आणि स्वतःला विचारा: बोटांनी चेन नीट लावता येते का? येत नसेल तर सराव संपला.

धुक्यात आणि अंधारात. येणारी वाहनं समोरून दिसतील अशा बाजूने, रस्त्याच्या कडेने धावा. कानात काही नको.

पाणी प्या. थंडीत तहान कमी लागते, पण घाम आणि श्वास यातून पाणी जातच असतं, शिवाय थंडीत लघवीही जास्त होते. तासाभराच्या वरच्या सरावात उन्हाळ्यासारखंच ठरावीक वेळाने घोट घ्या. जेलही वेळेवर.

मनगटावरच्या घड्याळाचा हार्ट रेट थंडीत चुकू शकतो, कारण त्वचेखालचं रक्त कमी झालेलं असतं. आकडा विचित्र वाटला तर बोलून बघा: इझी रनमध्ये पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत, टेम्पोत तीन-चार शब्द.

थांबायच्या खुणा: बोट, नाक किंवा कान बधिर होऊन पांढरट पडलं, तर आडोशाला जाऊन अंगाच्या उबेने गरम करा, चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका. सतत कुडकुडणं, जीभ जड होणं, पावलं अडखळणं, हातातून वस्तू सुटणं, उगाच चिडचिड किंवा गोंधळ या शरीराचं आतलं तापमान उतरत असल्याच्या खुणा आहेत. ते ३५ अंशांच्या खाली गेलं की जिवाला धोका असतो. गोंधळलेल्या माणसाचं कुडकुडणं अचानक थांबलं तर तो बरा होत आहे असं समजू नका. ताबडतोब वैद्यकीय मदत बोलवा. या अवस्थेत माणसाला स्वतःची अवस्था कळत नाही, म्हणून वाईट हवेत निघताना मार्ग आणि परतायची वेळ घरी सांगून जा.

## टप्पा ७: ट्रेडमिलचा दिवस

ट्रेडमिलवर समोरून हवा येत नाही, म्हणून त्याच वेगाला मेहनत किंचित कमी लागते. १ टक्का चढ ठेवला की साधारण बरोबरी होते. इझी रनला चढ नसला तरी बिघडत नाही.

हवा न लागण्याची दुसरी बाजू जास्त त्रासाची: अंग तापतं आणि अर्ध्या तासानंतर त्याच वेगाला हार्ट रेट चढत जातो. पंखा लावा, पाणी हाताशी ठेवा, आणि बाहेरच्या पेसचा हट्ट धरू नका. यंत्रायंत्रात वेगाचा फरक असतोच.

इंटरव्हल ट्रेडमिलवर चांगले होतात. टेम्पोही होतो, वर दिलाय तसा तुकड्यांत. लाँग रन मात्र दीड ते दोन तासांवर थांबवावा असं माझं मत आहे. पट्ट्यावर प्रत्येक पाऊल एकाच तऱ्हेने पडतं आणि एकाच जागी ताण साठत जातो. दर दहा मिनिटांनी चढ किंवा वेग थोडा बदलत राहा.

ट्रेडमिल नसेल तर सायकलिंगचं यंत्र, पाण्यातलं धावणं किंवा जिने. मिनिटाला मिनिट धरा. जिने उतरताना मात्र चाला, गुडघ्यांचं नुकसान उतरताना होतं.

## टप्पा ८: परतल्यावरची पहिली दहा मिनिटं

दारात उभं राहून घड्याळातले आकडे बघत बसू नका. क्रम असा: ओले कपडे काढा, अंग पुसा, डोक्यापासून पायापर्यंत कोरडं घाला, मग गरम पेय, मग ताण देणं. धावणं थांबताच शरीराची उष्णता तयार होणं मंदावतं, पण ओला कपडा ती खेचतच राहतो. बधिर बोटं कढत पाण्याखाली धरू नका. बधिरपणामुळे चटका कळत नाही; कोमट पाणी वापरा.

बुटातले पॅड काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला. हीटरवर किंवा शेगडीजवळ बूट वाळवले तर तळाचा फोम आणि डिंक दोन्ही खराब होतात. हिवाळ्यात दोन जोड्या आळीपाळीने वापरणं सगळ्यात सोयीचं.

## टप्पा ९: मोडलेला आठवडा पुन्हा जुळवणं

एक आठवडा घेऊन बघू. मूळ तक्ता: मंगळवार इंटरव्हल, बुधवार इझी ८ किलोमीटर, गुरुवार टेम्पो, शनिवार इझी ६, रविवार लाँग रन २६. सोमवार आणि शुक्रवार विश्रांती. अंदाज: सोमवार कोरडा, मंगळवारी गोठणारा पाऊस, बुधवारी रस्त्यावर बर्फ, गुरुवारी स्वच्छ थंडी, शुक्रवारी जोराचा वारा, शनिवार शांत, रविवारी हिमवर्षाव.

पहिला मोह: सोमवार कोरडा आहे, इंटरव्हल तेव्हाच उरकू. नाही. काल लाँग रन झाला आहे, ४८ तास झालेले नाहीत. सोमवार विश्रांतीचाच.

आधी लाँग रन बसवा. रविवारी हिमवर्षाव, म्हणजे तो शनिवारी येतो. त्याच्या ४८ तास आधी गुरुवार सकाळ. तिथे टेम्पो, तोही सकाळीच. टेम्पो संध्याकाळवर ढकललात तर शनिवारी सकाळी पाय जड असतील.

आता मंगळवार. ट्रेडमिल असेल तर इंटरव्हल तिथे होतात आणि अंतरही बरोबर बसतं: रविवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार. ट्रेडमिल नसेल तर इंटरव्हल गाळले. बुधवारी किंवा शुक्रवारी ते घुसवायचे नाहीत, पुढच्या आठवड्यातही न्यायचे नाहीत. त्याऐवजी मंगळवारी घरात अर्धा तास ताकदीचे व्यायाम: स्क्वॉट, लंजेस, एका पायावर चवड्यांवर उठणं, प्लँक. बुधवारी सायकल किंवा विश्रांती. शुक्रवारी वारा, तो दिवस मोकळा. रविवारी ताज्या बर्फात हवं तर ४० मिनिटं इझी.

बुधवारी संध्याकाळी अंदाज बदलला आणि शनिवारीही हिमवर्षाव दिसू लागला, तर? पर्याय याच क्रमाने बघा. टेम्पो सोडून गुरुवारीच लाँग रन, दिवस मोकळा असेल आणि मंगळवारी कठीण सराव झाला नसेल तर. नाहीतर शनिवारी ट्रेडमिलवर दोन तास. तेही नाही तर एकाच दिवशी दोन भाग, सकाळी १६ आणि संध्याकाळी ८ किलोमीटर, त्यातला जमेल तो भाग आत. दोन भागांतला लाँग रन पूर्ण लाँग रनची जागा घेत नाही, पण महिन्यातून एखाद्या वेळी चालतो.

काय भरून काढायचं, काय नाही: एक-दोन दिवस बुडाले तर काहीच करायचं नाही, तक्त्यात पुढे जायचं. तीन ते सहा दिवस बुडाले तर परतल्यावर पहिले दोन दिवस इझी, मग त्या दिवसापासूनचा तक्ता, आणि पहिला लाँग रन ठरल्यापेक्षा थोडा आखूड. आठवडाभराच्या खंडाने कमावलेला दम फारसा उतरत नाही; मोजता येईल अशी घट साधारण दोन आठवडे पूर्ण बंद राहिल्यावर दिसू लागते. इतका खंड पडला असेल तर शर्यतीचं वेळेचं लक्ष्य पुन्हा ठरवा.

शर्यतीआधीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत बुडालेलं काहीही भरून काढायचं नाही. शंका आली की घरातलं रूप निवडायचं किंवा आखूड करायचं. या काळात एका लाँग रनने मिळण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं, पण एकदा घसरून पडलात तर शर्यतच जाऊ शकते.

शेवटची तपासणी, रविवारी रात्री: लाँग रन झाला का? कठीण सराव किती झाले, आणि त्यांच्यात ४८ तास होते का? पायात कुठे एका बाजूचं दुखणं आहे का? दुखणं असेल तर पुढच्या मंगळवारचे इंटरव्हल आत्ताच खोडा आणि त्या जागी इझी रन लिहा. नसेल तर तक्त्यातला पुढचा आठवडा जसा आहे तसा घ्या, लाँग रन पुन्हा रविवारी आणा आणि नवा कागद काढून टप्पा १ पासून सुरुवात करा.